जामीनदार नसलेलं कर्ज

2005 च्या ऑक्टोबरात केनियात एक छोटा प्रयोग सुरू झाला. नैरोबी शहर आणि त्याच्या जवळचं थिका इथल्या पाचशेच्या आसपास लोकांना त्यासाठी मोबाइल देण्यात आले. हे सगळे ‘फाउलू केनिया’ या सूक्ष्मवित्त संस्थेचे कर्जदार होते. ठरल्या दिवशी गटाच्या बैठकीला जायचं, सगळ्यांसमोर रोख हप्ता मोजून द्यायचा आणि पुस्तकात नोंद करून घ्यायची, ही त्यांची रीत. व्होडाफोनच्या निक ह्यूज आणि सूझी लोनी यांनी आखलेल्या या प्रयोगात तोच हप्ता फोनवरून भरायचा होता. ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याचं अनुदान पाठीशी होतं आणि स्थानिक दूरसंचार कंपनी होती सफारीकॉम.

हप्ते आले. पण लोकांनी ती सोय भलत्याच कामांनाही लावली. कुणी गावाकडे पैसे पाठवले, कुणी एकमेकांची देणी चुकती केली, तर कुणी प्रवासात रोकड जवळ नको म्हणून इथे भरून पुढच्या मुक्कामी काढली. फाउलूची अडचण वेगळी होती. हप्ता फोनवरून जात असेल तर बैठकीला यायचं कशाला, असं सभासदांना वाटू लागलं आणि गटाची वीण सैल व्हायला लागली. अखेर कर्जाचा भाग बाजूला पडला. मार्च 2007 मध्ये ‘एम-पेसा’ लोकांपुढे आली ती घरी पैसे पाठवण्याची सेवा म्हणून.

कर्जाची परत गाठ पडली ती नोव्हेंबर 2012 मध्ये. या वेळी गट नव्हता, बैठक नव्हती, जामीनदारही नव्हता. त्यानंतर आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत मोबाइलवरच्या झटपट कर्जाचं जे काही बरंवाईट झालं, ते समजून घ्यायचं तर त्या मोडलेल्या बैठकीकडे बारकाईने पाहावं लागतं. बैठक वेळखाऊ होती, कधी कधी जाचकही होती. पण ती बरीच कामं एकदम करत होती. कोणाला किती पेलेल हे तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असे. व्याज किती ते सर्वांसमोर बोललं जाई. मागायच्या आधी माणूस दोनदा विचार करत असे. बैठक गेल्यावर ही कामं कोणी करायची, हा प्रश्न मात्र बरीच वर्षं कोणी विचारला नाही.

केनियातच हे आधी का घडलं, याचं उत्तर टपऱ्यांमध्ये आहे. 2006 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार तिथल्या जेमतेम 27 टक्के प्रौढांना कोणत्या ना कोणत्या औपचारिक वित्तसेवेचा आधार होता. बँकेची शाखा तालुक्याच्या गावी, पण ‘डुका’, म्हणजे किराणा मालाचं छोटं दुकान, प्रत्येक वळणावर. सफारीकॉमने या दुकानदारांना एजंट केलं. रोकड त्यांच्याकडे द्यायची की ती फोनमध्ये जमा. फोनमधले पैसे त्यांना पाठवायचे की हातात रोकड. स्मार्टफोनची गरज नव्हती, साधा बटणांचा फोन पुरत होता. 2021 पर्यंत औपचारिक सेवांशी जोडलेल्यांचं प्रमाण 84 टक्क्यांच्या घरात गेलं. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी 2016 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार एम-पेसामुळे केनियातली 1 लाख 94 हजार कुटुंबं गरिबीतून वर आली. देशातल्या कुटुंबांच्या हिशेबात हे प्रमाण 2 टक्के पडतं. एका फोनसेवेच्या खात्यावर एवढं श्रेय जमा होणं ही साधी गोष्ट नाही.

याच पायावर नोव्हेंबर 2012 ची ती कर्जयोजना, ‘एम-श्वारी’, उभी राहिली. सफारीकॉमची भागीदार होती कमर्शियल बँक ऑफ आफ्रिका. मोठे उद्योग आणि सधन खातेदार हा या बँकेचा मुख्य गोतावळा. भाजीवाल्या बाईशी तिचा संबंध येण्याचं एरवी काही कारण नव्हतं. नव्या योजनेत निदान सहा महिने एम-पेसा वापरणाऱ्या कोणालाही फोनच्या मेन्यूतूनच बँकेत खातं उघडता येई. कागद नाही, सही नाही. ओळख सरकारी नोंदींशी पडताळून घेतली जाई. कर्ज शंभर शिलिंगांपासून, मुदत 30 दिवसांची, शुल्क 7.5 टक्के.

पत कशावरून ठरायची? पगाराची पावती नाही, सातबाऱ्यासारखा उतारा नाही. पण फोन कंपनीकडे दुसराच ऐवज होता. माणूस किती वर्षं तोच नंबर वापरतो, रिचार्ज किती वेळा आणि कितीचं करतो, पैसे कधी येतात, कुठे जातात, खात्यात थोडी तरी शिल्लक राहते का, या सगळ्याचा मेळ घालून यंत्र एक आकडा काढत असे. आकडा ठरावीक रेषेच्या वर असेल तर कर्ज मंजूर. सुरुवातीला रक्कम अगदी लहान. ती वेळेवर फेडली की मर्यादा वाढे. ज्याला कोणत्याही बँकेने कधी दारात उभं केलं नव्हतं, त्याची स्वतःच्या वागण्यावरून पत लिहिली जात होती. नैरोबीतल्या ‘मामा म्बोगा’ म्हणजे भाजी विकणाऱ्या बायका किंवा ‘बोडा बोडा’ हे मोटारसायकल टॅक्सीवाले यांच्यासाठी हा मोठा बदल होता आणि तो तसा मान्य केला पाहिजे.

संशोधकांना ती मंजुरीची रेषा फार उपयोगी पडली. रेषेच्या किंचित वर असलेला आणि किंचित खाली असलेला, हे दोघे जवळपास सारखेच. फरक इतकाच की एकाला कर्ज मिळालं आणि दुसऱ्याला नाही. सुरी, प्रशांत भारद्वाज आणि जॅक यांनी अशा लोकांची तुलना केली. पात्र ठरलेल्यांपैकी 34 टक्क्यांनी कर्ज घेतलं. आजारपण, नोकरी जाणं, पीक बुडणं अशा आघातानंतर नेहमीच्या खर्चाला कात्री लावायची वेळ येण्याची शक्यता पात्र कुटुंबांत 6.3 टक्केबिंदूंनी कमी दिसली. शिक्षणावरचा खर्च वाढलेला दिसला. दुसरीकडची उधारी या कर्जामुळे घटली नव्हती. म्हणजे ही भर नवी होती. त्यातून मोठा धंदा उभा राहिल्याचं चित्र मात्र या अभ्यासात नाही. महिनाभराच्या छोट्या रकमेकडून तशी अपेक्षा धरणंही योग्य नव्हे. ओढगस्तीचा आठवडा निभावून नेणं, हे तिचं खरं बळ.

आता किमतीकडे. महिन्याला साडेसात टक्के हा आकडा ऐकायला फारसा बोचत नाही. पण बारा महिने असंच कर्ज फिरवत राहिलं तर वर्षाला तो 90 टक्के होतो. शिवाय त्याला ‘व्याज’ न म्हणता ‘शुल्क’ म्हटलेलं. केनियाच्या संसदेने 2016 मध्ये बँकांच्या व्याजदरावर कायद्याने मर्यादा घातली, तेव्हा हे शुल्क त्या मर्यादेत येत नसल्याची भूमिका घेतली गेली आणि मोबाइल कर्जं होती तशी चालू राहिली. ती मर्यादा 2019 मध्ये उठली. त्याच वर्षाच्या जानेवारीत ‘फुलीझा’ आली. दुकानात पैसे देताना खात्यात थोडे कमी पडले, तर तेवढे तिथल्या तिथे उसने मिळतात. खात्यात पुढचे पैसे आले की आपोआप वळते होतात. यावर एक टक्का प्रवेश शुल्क आणि वर रकमेच्या टप्प्यानुसार रोजचं शुल्क. वेगळा अर्ज नाही, की आपण कर्ज घेतोय असं जाणवून देणारा टप्पाही नाही. 2022 मध्ये ही रोजची शुल्कं कमी करण्यात आली.

किंमत नीट दाखवली तर फरक पडतो का? नैरोबीतल्या ‘बुसारा’ या वर्तनविषयक संशोधन संस्थेच्या साहाय्याने झालेल्या एका प्रयोगाने याचं उत्तर दिलं. परत करायची एकूण रक्कम एकच आकडा म्हणून न सांगता मुद्दल इतकं आणि शुल्क इतकं असं फोडून दाखवलं, तेव्हा थकबाकीचं प्रमाण 29 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आलं. कर्जाच्या अटी कोपऱ्यातल्या एका पर्यायामागे ठेवल्या की दहातला एकही माणूस त्या धड उघडत नसे. त्याच अटी वाटेतच समोर ठेवल्या आणि वगळायच्या तर वेगळं बटण दाबावं लागेल असं केलं, तेव्हा वाचणारे 24 टक्क्यांपर्यंत गेले. दोन ओळींच्या पडद्यावरचा हा बदल. फोनवरच्या वित्तसेवांची किंमत व्यवहाराआधी दाखवलीच पाहिजे, असं केनियाच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2016 मध्ये बजावलं. हे चार वर्षं आधी करायला काय हरकत होती, हा प्रश्न रास्त आहे.

दरम्यान स्मार्टफोन स्वस्त झाले आणि बँकेशिवायही कर्ज देणारी अ‍ॅप आली. शिवानी सिरोया यांच्या कंपनीचं, पुढे ‘टाला’ नावाने ओळखलं गेलेलं अ‍ॅप 2014 पासून केनियात होतं. ‘किवा’ या कर्जसहाय्य संस्थेचे सहसंस्थापक मॅट फ्लॅनरी यांनी 2015 मध्ये ‘ब्रांच’ काढली. एसएमएस, कॉलची नोंद, संपर्कांची यादी, फोनचा वापर हे सगळं पत ठरवायला वापरलं जाऊ लागलं. संपर्क नाव-आडनावासह नीट जतन करणारे लोक कर्जही नीट फेडतात, अशी निरीक्षणं या धंद्यातल्यांनी मांडली. त्यांच्यामागोमाग ज्यांचं नाव-गाव कोणाला ठाऊक नाही अशी डझनावारी अ‍ॅप आली आणि त्यांनी संपर्कांच्या यादीचा उपयोग पत ठरवण्यापुरता ठेवला नाही. हप्ता चुकला की आईला, साहेबाला, जुन्या शिक्षकाला फोन जाऊ लागले. ज्या माणसाने जामीन राहायला कधी होकार दिला नव्हता, त्याला जामीनदारासारखं वेठीला धरलं गेलं. केनियातल्या ‘चामा’ या बचतमंडळांत, म्हणजे आपल्याकडच्या भिशीच्या सख्ख्या भावंडांत, हप्ता चुकवणाऱ्याला बोलणी खावी लागतातच. पण तिथे बोलणारा स्वतःचे पैसे अडकलेला सभासद असतो आणि त्याला समोरच्याच्या घरची हकिकत माहीत असते. पगारी वसुली कर्मचाऱ्याने अनोळखी नातेवाइकांपुढे केलेली बदनामी ही निव्वळ छळणूक होती.

वर्ष 2018 पर्यंत आकडे बोलू लागले. वित्तीय समावेशनावर काम करणाऱ्या ‘सीगॅप’ या संस्थेच्या सर्वेक्षणात केनियातल्या 27 टक्के आणि टांझानियातल्या 21 टक्के फोनधारकांनी मोबाइल कर्ज घेतल्याचं दिसलं. कर्ज मुख्यतः रोजच्या घरखर्चाला आणि छोट्या धंद्याच्या खेळत्या भांडवलाला जात होतं. दवाखान्याच्या तातडीसाठी घेणारे थोडे होते. कर्जदारांपैकी केनियात 12 टक्के, तर टांझानियात 31 टक्के लोकांनी कधी ना कधी कर्ज बुडवलं होतं. उशिरा फेडणारे दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास. हप्ता फेडण्यासाठी खाण्यापिण्याच्या खर्चात कपात केल्याचं केनियातल्या साधारण पाचातल्या एका कर्जदाराने सांगितलं.

आणि चुकलेल्याची नोंद कुठे होत होती? पतमाहिती संस्थांच्या, म्हणजे तिथे ज्यांना ‘सीआरबी’ म्हणतात त्यांच्या, काळ्या यादीत. ‘मायक्रोसेव्ह’च्या 2019 च्या अहवालानुसार 2016 ते 2018 या काळात घेतलेल्या डिजिटल कर्जांपोटी 22 लाख केनियन थकबाकीदार होते आणि त्यांतल्या 49 टक्के लोकांची थकबाकी 10 डॉलरांपेक्षा कमी होती. सरकारी नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याला सीआरबीचा दाखला जोडावा लागे आणि त्या दाखल्याची फी होती 2,200 शिलिंग. म्हणजे काहीशे शिलिंगांच्या थकबाकीने जो अडला, त्याला स्वतःची पाटी कोरी असल्याचं दाखवायला थकबाकीहून जास्त पैसे मोजावे लागत. पत निर्माण करण्यासाठी आलेल्या व्यवस्थेने लाखो तरुणांची पत पहिल्याच पायरीवर घालवली, हा या कहाणीतला सर्वांत दुःखद भाग आहे.

अशा वेळी सगळीकडून एक उपाय सुचवला जातो: लोकांना शिकवा. मलावीतला अनुभव इथे विचारात पाडतो. तिथल्या एका मोबाइल कर्जावर पंधरवड्याला 10 टक्के शुल्क होतं. व्हॅलेंटिना ब्रायलोव्स्काया, पास्कलिन द्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांच्या अभ्यासात दिसलं, की कर्जदारांना शुल्काची माहिती फारच तोकडी होती. मग त्यांना फोनवरून त्या कर्जाची नीट ओळख करून देण्यात आली. माहिती वाढली, आणि कर्जाची मागणीही वाढली. ज्याच्यापुढे दुसरी वाट नाही, त्याला महाग कर्जही परवडतं किंवा परवडवून घ्यावं लागतं. त्यामुळे ‘ग्राहकाला साक्षर करा’ एवढं म्हणून नियामकांना मोकळं होता येत नाही.

केनियाच्या मध्यवर्ती बँकेने एप्रिल 2020 मध्ये पहिलं पाऊल उचललं. नियमनाबाहेरच्या डिजिटल सावकारांचा पतमाहिती संस्थांशी असलेला संबंध तोडला आणि हजार शिलिंगांखालच्या थकबाकीसाठी काळ्या यादीत नाव टाकायला बंदी केली. डिसेंबर 2021 मध्ये कायदा दुरुस्त झाला, मार्च 2022 मध्ये नियम आले. परवाना सक्तीचा झाला. वसुलीसाठी धमकी, शिवीगाळ आणि फोनमधल्या संपर्कांना निरोप धाडणं यांवर बंदी आली. सप्टेंबर 2022 पर्यंत 288 अर्ज आले. पहिल्या खेपेला परवाने मिळाले ते फक्त 10 जणांना. वर्षभराने तिथल्या विदासंरक्षण आयुक्तांनी, संपर्क यादीतल्या तिऱ्हाइतांना त्रास दिल्याबद्दल एका कंपनीला 29 लाख 75 हजार शिलिंगांचा दंड ठोठावला.

सरकार स्वतःही सावकारीत उतरलं. राष्ट्राध्यक्ष विल्यम रूटो यांनी 30 नोव्हेंबर 2022 रोजी ‘हसलर फंड’ सुरू केला: 500 ते 50,000 शिलिंग, वर्षाला 8 टक्के व्याज, मुदत 14 दिवस, आणि मंजूर रकमेतले 5 टक्के आपोआप बचतीत. दर खासगी कर्जांच्या मानाने खूपच कमी. पण वसुली सुरुवातीपासूनच लंगडी राहिली. स्वस्त कर्ज दिलं की ते फिटेलच, असं नसतं.

भारतात हीच कथा आणखी वेगाने घडली. 2020 च्या टाळेबंदीनंतर तेलंगणात कर्ज-अ‍ॅपच्या छळाला कंटाळून झालेल्या आत्महत्यांनी देश हादरला. पोलिस तपासाचे धागे पुण्यातल्या कॉल सेंटरपर्यंत येऊन पोचले. वसुलीचे फोन कुठल्या राज्यातून कुठल्या राज्यात जात होते, हे तेव्हा महाराष्ट्रालाही कळलं. जानेवारी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाला दोन महिन्यांच्या पाहणीत वेगवेगळ्या अ‍ॅप भांडारांत सुमारे 1,100 कर्ज-अ‍ॅप आढळली. त्यांतली 600 च्या आसपास बेकायदा होती. सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी मग काही गोष्टी पक्क्या केल्या. पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जायला हवेत, मधल्या कोणाच्या खात्यातून नव्हे. सगळं शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो, ते सांगणारं मुख्य तथ्य विवरणपत्र आधी द्यायला हवं. संपर्क, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवायची नाही. आणि घेतलेलं कर्ज दंडाविना परत करता येईल असा फेरविचाराचा काळ द्यायचा. 2025 च्या निर्देशांनुसार तो निदान एक दिवसाचा हवा. 2023 च्या मे अखेरपासून गूगलनेही आपल्या भांडारातल्या कर्ज-अ‍ॅपना संपर्क आणि फोटो वाचायला मज्जाव केला.

फेरविचाराच्या या एका दिवसाला भक्कम आधार आहे. मेक्सिकोत आल्फ्रेडो बुर्लांदो, मायकेल कून आणि सिल्व्हिया प्रिना यांनी एका डिजिटल सावकाराच्या नोंदी तपासल्या. कर्जाचे पैसे हातात पडायला दहाऐवजी वीस तास लागले, तर कर्ज बुडण्याची शक्यता 21 टक्क्यांनी घटत होती. व्याज तेच, माणसं तशीच. फक्त थोडी वाट पाहावी लागली. ‘एका मिनिटात कर्ज’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हा निष्कर्ष वाचायला हवा आणि नियम करणाऱ्यांनी तर नक्कीच. गटाच्या बैठकीत जो विलंब आपसूक मिळत होता, तो इथे नियमाने परत आणता येतो आणि त्याला खर्चही फारसा येत नाही.

तारणाचा प्रश्नही नव्या रूपात पुढे आला आहे. केनियात ‘एम-कोपा’ने 2012 पासून सौर दिव्यांचे संच हप्त्यांवर विकले: रोजचा हप्ता एम-पेसावरून भरायचा, चुकला तर संच दुरूनच बंद. युगांडात पॉल गर्टलर, ब्रेट ग्रीन आणि कॅथरिन वुल्फ्रम यांनी असाच संच तारण ठेवून शाळेच्या फीसाठी कर्ज देण्याचा प्रयोग अभ्यासला. हप्ता चुकल्यावर दिवे बंद होणार असतील, तर कर्ज बुडण्याचं प्रमाण 19 टक्केबिंदूंनी कमी राहिलं, आणि शाळेत नाव घातलेल्या मुलांची संख्या वाढली. कोणाच्या आईला फोन गेला नाही, कोणाचा फोटो फिरवला गेला नाही. आता तीच युक्ती स्मार्टफोनच्या हप्त्यांना लावली जाते. हप्ता थकला की फोन कुलूपबंद. इथे मात्र सावधगिरी हवी. सौर दिवा बंद पडला तर घर अंधारात बसतं; फोन बंद पडला तर बोडा बोडावाल्याचं गिऱ्हाईक, पैशांचं पाकीट आणि हप्ता फेडायचं साधन तिन्ही एकदम अडकतात. केनियाने डिसेंबर 2024 मध्ये कायद्यात आणखी दुरुस्ती करून, ठेवी न घेता केवळ कर्ज देणाऱ्या, ‘आधी वस्तू, पैसे नंतर’ अशी विक्री करणाऱ्या आणि हप्त्यांवर वस्तू देणाऱ्या कंपन्यांनाही मध्यवर्ती बँकेच्या परवान्याखाली आणलं आहे. फोनला कुलूप लावण्याआधी किती दिवसांची सवलत द्यायची, आणि कुलूप लागल्यावरही एम-पेसाचा मेन्यू चालू ठेवायचा का, हे या परवान्याच्या अटींमध्ये लिहून घेता येईल.